खोली नंबर चार रिझर्व्ह

१ नोव्हेंबर १९८८, मंगळवार. मेहरूण, जळगाव. सकाळी ६.

काल रिटायर झालो. एसटीत पस्तीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा जळगाव स्टँडवर वाहतूक नियंत्रक. हार, नारळ, भाषणं. आजपासून रोजनिशी. रोज पाच ओळी, खाडा नाही.

प्लॅन तयार आहे. उन्हाळ्यात सुरत गाडीच्या सीटवर कुणीतरी एक मासिक विसरलं होतं. त्यात फोटो : परदेशातलं वाळवंट, रिटायर झालेली माणसं, हातात परात. वाळू चाळून सोनं शोधतात. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. हिवाळाभर स्वस्तातल्या खोल्यांत राहतात, उन्हाळा लागला की घरी. सोनं कुणालाच फारसं मिळत नाही, तरी सगळे हसतायत.

जळगावसारखं सोन्याचं गाव, आणि हौशी सोनेशोधकांना हिवाळ्यात परवडेल अशी एक खोली अख्ख्या खानदेशात नाही. इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, याचं नवल वाटतं. लताला सांगितलं. ती म्हणाली, बरं. लता बरं म्हणते तेव्हा तिला नाही म्हणायचं असतं, हे तीस वर्षांत कळलंय. पण शब्द बरं हाच होता.

३ नोव्हेंबर, गुरुवार.

जागा ठरली. दोंडाईचा. कारणं : एक, कोरडा मुलूख, शिंदखेडा तालुक्याला वाळवंट म्हटलं तर कुणाची हरकत नसावी. दोन, रेल्वे स्टेशन. तीन, नाला आणि नाल्यात भरपूर वाळू.

थोरल्या भावाचं, जीवरामदादाचं, शेवटचं कार्ड दोंडाईच्याहून आलं होतं, छप्पन साली. ‘इथल्या नाल्यात चमक आहे. बघून येतो.’ त्यानंतर बत्तीस वर्षं पत्ता नाही. या गोष्टीचा जागेच्या निवडीशी काही संबंध नाही. नोंद असावी.

६ नोव्हेंबर, रविवार.

असोद्याला वहिनीकडे. दर रविवारी जातो. दादा गेल्यापासून हा नेम आहे, गौरी-गणपतीतसुद्धा मोडलेला नाही. बेबावहिनी एकटीच केळीचा बाग बघते. कपाळाला तेवढंच मोठं कुंकू. मी दर वेळी तिला धीर देतो की दादा येईल, माणूस सोन्याच्या नादाला लागला की वेळ लागतोच. मी जर हे बोलायचं थांबवलं तर ती बाई कोसळेल.

आज योजना सांगितली. सोनं शोधणारे चारी दिशांनी येतील, त्यांच्यातला कुणीतरी दादाला ओळखत असेल, असंही बोलून गेलो. ते बोलायचं नव्हतं. वहिनी उठून पाणी घेऊन आली. मग म्हणाली, तिकडं थंडी लई राहते, भाऊजी, सुटर घेऊन जा.

१५ नोव्हेंबर, मंगळवार. दोंडाईचा.

गौतमचंद शेठ भेटले. धान्याचे व्यापारी. यांच्या आजोबांनी नाल्याकाठी गाडीवानांसाठी चार खोल्यांची धर्मशाळा बांधली होती. बैलगाड्या गेल्या, धर्मशाळा राहिली. शेठ म्हणाले, कौलं सारखी करून घ्या आणि होळीपर्यंत वापरा. मग विचारलं की तिथं येणार कोण. मी स्कीम समजावली. शेठजींनी सगळं ऐकलं आणि मुनिमाला माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. इंप्रेस झाले असावेत.

१७ नोव्हेंबर, गुरुवार.

भटू नावाचा म्हातारा राखणदार मिळाला. सकाळी नऊला येणार आणि दिवस मावळायच्या आत जाणार. का, तर म्हणे इथं ‘तो’ आहे. ‘बठ्ठा गावले माहीत शे’, म्हणजे सगळ्या गावाला. नाल्यातल्या डोहापाशी पूर्वी एक माणूस परात घेऊन बसायचा. ‘तठे बशे. आते बी बसस.’ अजूनही बसतो म्हणे. मी विचारलं, दिसायला कसा. उंच, म्हणाला, आणि डोक्याले पांढरा रुमाल.

दादा उंच होता. रुमाल बांधायचा. पण रुमाल अर्धा खानदेश बांधतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. स्टँडवर अकरा वर्षं काढलेल्या माणसाला कशाची भीती वाटणार?

२० नोव्हेंबर, रविवार.

बोर्ड रंगवून आला. ‘हौशी सुवर्णशोधक हिवाळी निवास. कॉट, गादी, परात, सकाळचा चहा. रोजचे रुपये बारा. महिन्याला सवलत.’ पेंटरने ‘सुवर्णशोधक’ लिहून झाल्यावर विचारलं की हे आयुर्वेदिक आहे का.

एक ते तीन खोल्या गिऱ्हाइकांसाठी, मी चारला लागून असलेल्या कोठीत. नंबर चार डोहाच्या बाजूला आहे, सगळ्यांत उबदार. ती रिझर्व्ह. स्टँडवर सुद्धा दोन सीटा नेहमी राखून ठेवाव्या लागतात, ऐन वेळी कोण येईल सांगता येत नाही. चारमध्ये नवी गादी घातली. उशी थोडी उंच. दादाला, म्हणजे वयस्कर माणसाला, उंच उशी लागते.

आज पहिल्यांदाच रविवार असोद्याशिवाय गेला. वहिनी काळजी करत असेल.

२७ नोव्हेंबर, रविवार. पहाटे ५.४०.

आवाज. नाल्याच्या बाजूने. खर्र, खर्र, थांबतो, परत खर्र. पाण्यात वाळूची परात हलवली की येतो तसा. दहा मिनिटं ऐकला.

बाहेर जाऊन बघणार होतो, पण माकडटोपी सापडेना. टोपीशिवाय या थंडीत जाणं हा शुद्ध बेजबाबदारपणा.

सकाळी ८. डोहापासून चार नंबरच्या ओट्यापर्यंत ओली पावलं. अनवाणी. परत जाणारी पावलं दुसऱ्या बाजूने. टोपी डोक्यावरच होती.

३० नोव्हेंबर, बुधवार.

आवाज परत. आज गुडघा धरला होता. उद्या नक्की बघणार.

१ डिसेंबर, गुरुवार.

आवाज. कालचाच गुडघा. गिऱ्हाईक अजून नाही, सीझन खऱ्या अर्थाने डिसेंबरमध्ये सुरू होतो.

४ डिसेंबर, रविवार.

पहाटे उठून चहा केला, तर दोन ग्लास झाले. एक चार नंबरच्या ओट्यावर ठेवला आणि आत येऊन कडी लावली. आठ वाजता ग्लास रिकामा. उलटा घालून ठेवलेला, नीट विसळून.

दादा चहा प्यायला की ग्लास विसळून उलटा घालायचा. आई म्हणायची, माझा हा एकच मुलगा शिस्तीचा.

आत येऊन परत कडी लावली. थंडीने.

८ डिसेंबर, गुरुवार.

रोज चहा ठेवतो, रोज ग्लास रिकामा होतो. भटूला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. कालपासून साखर जास्त घालतो. दादाला गोड लागायचं.

गिऱ्हाईक नाही. दोन माणसं आली होती, पण ती मुतखड्याचं औषध विचारायला. बोर्डावरचा तो शब्द बदलायला हवा.

१२ डिसेंबर, सोमवार. पहाटे.

ही रोजनिशी कुणी वाचणार नाही. तेव्हा लिहितो.

छप्पन सालची दिवाळी. मी सव्वीसचा, एसटीत तीन वर्षं झालेली, अंगात मस्ती. जळगावात एका तांबटाच्या दुकानातून ओंजळभर पितळेचा कीस आणला आणि असोद्याच्या नाल्यात, दादा जिथं बैल पाण्यावर न्यायचा तिथं, वाळूत पसरला. गंमत म्हणून. दादाने तो पाहिला. रुमालात गोळा करून घरी आणला. कुणाला दाखवला नाही, पण त्याचा चेहरा मी पाहिला. मला सांगायचं होतं. त्या रात्री सांगणार होतो, मग दुसऱ्या दिवशी, मग भाऊबीज झाल्यावर. आठव्या दिवशी दादा घरात नव्हता. महिन्याने ते दोंडाईच्याचं कार्ड आलं.

त्याला सोन्याचं वेड मी लावलं. एका बाईचा नवरा मी घालवला. वहिनीला हे सांगितलेलं नाही. दर रविवारी सांगायचं ठरवून जातो आणि केळीच्या भावावर बोलून येतो. असे सोळाशेच्या वर रविवार झाले. मला याची लाज वाटते, फार वाटते.

त्याच्यासाठीच चार नंबर आहे. पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठीच होती.

१३ डिसेंबर, मंगळवार.

काल जरा भावनेच्या भरात लिहिलं. थंडीचा परिणाम. निवास हा मुळात पर्यटन व्यवसाय आहे.

१८ डिसेंबर, रविवार.

गिऱ्हाईक. दोन. जळगावच्या एका सराफी पेढीवरचे जुने मुनीम मांगीलाल आणि त्यांचे मित्र, ड्रॉइंग मास्तर पंडित. डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणून आले, सोन्याचं इथं येऊन कळलं. तरी परात हातात घेतली की माणूस बदलतो. दोघं दिवसभर पँटी गुडघ्यापर्यंत वर करून डोहात.

एक नंबरचं कौल सरकलं, तिथं झोपता येईना. दोनमध्ये वाळवी. तीनमध्ये एकच कॉट. चार द्या, म्हणाले. मी सांगितलं की रिझर्व्ह आहे. कुणासाठी, कधी येणार, असं पंडित मास्तरांनी खोदून विचारलं. मी सांगितलं की पार्टी रस्त्यात आहे. शेवटी दोघं एका कॉटवर, उलटसुलट. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१९ डिसेंबर, सोमवार. सकाळी १०.

सोनं. मांगीलाल यांच्या परातीत. ज्वारीच्या दाण्याच्या चौथ्या भागाइतकं असेल, पण सोनं. मी ओरडलो. भटू पळत आला.

मांगीलालनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि चेहरा पाडून म्हणाले की हे नदीतलं नाही. कानशीने घासलेलं आहे, जोड देताना लावतात ती झाळ सुद्धा दिसते. कुणाच्या तरी बांगडीचा कीस. मुनिमाला दुसऱ्याचं यश बघवत नाही, असं मी मनात म्हटलं.

दुपारी ३. कीस.

दोघं दुपारच्या गाडीने गेले. पंडित मास्तरांची मान आखडली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो नाही. ओट्यावर बसून होतो. मी वाळूत पितळेचा कीस टाकला होता. आता वाळूत सोन्याचा कीस आहे. दुसरं कोण करेल असं? मला माझा दादा ठाऊक आहे. तो रागावला की बोलायचा नाही, पण उत्तर द्यायचा. बत्तीस वर्षांनी उत्तर दिलं. पितळेच्या बदल्यात सोनं.

संध्याकाळी ५. रडलो. भटूला सांगितलं की डोळ्यात वाळू गेली.

२१ डिसेंबर, बुधवार.

आज पहाटे आवाज थांबल्यावर चार नंबरच्या दाराशी उभा राहिलो. आतून. म्हणजे माझ्या खोलीतून, मधल्या भिंतीशी. सगळं सांगितलं, पितळेचं, रविवारांचं, वहिनीच्या कुंकवाचं. आवाज नेहमीसारखा लागेना म्हणून स्टँडवर अनाउन्समेंट करायचो त्या आवाजात सांगितलं. ‘दादा, घरी चल’ हे दोनदा.

पलीकडून खोकला आला. एकदा.

२२ डिसेंबर, गुरुवार.

निश्चय : सोमवारी पहाटे, काहीही झालं तरी, बाहेर जाऊन भेटणार. तीन दिवस अंगात जोर येऊ द्यावा. तूप खायला सुरुवात केली.

२६ डिसेंबर, सोमवार.

गेलो. माकडटोपी, काठी, चहाचा ग्लास हातात.

डोहात एक बाई बसली होती. डोक्याला पांढरा फडका, पदर खोचलेला, पाण्यात पाय, हातात परात. शेजारी मातीची दोन पोती. मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, चहात साखर जास्त होते.

झुंबरबाई. बाप झारेकरी, ही पण झारेकरीण. सोनारगल्लीतली दुकानं संध्याकाळी झाडली जातात, त्या झाडलोटीत घासून पडलेलं सोनं असतं. ती माती विकत घ्यायची, पहाटे इथं आणून धुवायची, हाती लागेल त्यावर घर चालवायचं. पंचवीस वर्षं याच डोहावर. धुताना एखादा कण निसटून वाळूत जातोच. थकली की चार नंबरच्या ओट्यावर टेकते. परवा आतून कुणीतरी गाडीची वेळ सांगत होतं, ते ऐकून तिला ठसका लागला.

म्हणजे मी महिनाभर सोनारगल्लीतल्या झाडलोटीच्या मातीला दादा म्हणत होतो. भटूला विचारलं की हे तुला माहीत नव्हतं का. तो म्हणाला, ‘ती त झुंबरबाई शे. रोज येस. तो येगळा.’

२७ डिसेंबर, मंगळवार.

रात्रभर विचार करून आज झुंबरबाईला विचारलंच. तिच्या लहानपणी इथं कुणी परात घेऊन बसायचं का? बसायचा, म्हणाली. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची, बापाबरोबर यायची. एक उंच माणूस आला होता. भला होता, तिला गूळ-दाणे द्यायचा. आठ दिवस बसला, पण परात नुसती मांडीवर. वाळू भरायचाच नाही. दिवसभर रुळाकडे बघत बसे. नवव्या दिवशी परात त्याने बापाला देऊन टाकली. ‘अन् सुरतनी गाडीमा बसना. हासत व्हता.’

आठ दिवस. मी म्हटलं, सोनं नाही मिळालं म्हणून निराश झाला असेल. ती म्हणाली की सोन्याचं तो कधी बोललाच नाही.

यावर माझा विश्वास नाही. त्या वयातल्या पोरीला काय कळणार? दादा सोन्यासाठीच गेला. माझ्यामुळेच गेला. सुरतेला अधिक चांगली परात आणायला गेला असेल.

३१ डिसेंबर, शनिवार.

निश्चय, नवीन वर्षाचा : वहिनीला पितळेचं सांगणार. उद्या रविवार आहेच. बाई कोसळेल, आपण सांभाळायचं. सकाळच्या गाडीने निघतो. भटूला किल्ल्या दिल्या.

१ जानेवारी १९८९, रविवार. असोदा. दुपारी १.

सांगितलं.

वहिनी अंगणात वाती वळत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, बसून जमलं नसतं. सगळं ऐकलं तिने आणि वात पुरी केली. म्हणाली की पितय व्हतं हे त्याहीले त्याच दिशी समजलं. सोनाराकडे नेलं, सोनार हसला, हेही हसत घरी आले. ‘म्हने, पितांबरनं माही मजाक केली. त्याले सांगू नको, त्याले वाटू दे का मी फसलो.’

मी विचारलं, मग गेला का? त्याहीले जायचं व्हतं, म्हणाली. लग्नाआधीपासून जायचं व्हतं. घरात सांगायले काहीतरी पाहिजे, मग सोनं बरं पडलं.

माझा बत्तीस वर्षांचा अपराध तिने वातीसारखा दोन बोटांनी वळून बाजूला ठेवला. मला हलकं वाटायला हवं होतं, पण राग आला. मी काहीच केलेलं नव्हतं. दादाच्या आयुष्यात माझा एवढाही हात नव्हता.

मग तिने बाकीचं सांगितलं. अठ्ठावन साली सुरतेहून त्याचं पत्र आलं. गिरणीत लागलो, वाट पाहू नको. पोस्टमनने वाचून दाखवलं. तो पोस्टमन आता नाही. एकोणऐंशी साली दुसरं पत्र आलं, गिरणीतल्या जोडीदाराचं. जीवराम काविळीने गेला. नऊ वर्षं झाली. मी तिथं नवी गादी घालत होतो, उंच उशी ठेवत होतो, चहात साखर जास्त घालत होतो, आणि माझा दादा नऊ वर्षांपूर्वीच गेला होता.

मी कुंकवाकडे बघत होतो. तिच्या ते ध्यानात आलं. म्हणाली, ‘ते त्याहीचं नही, भाऊजी. त्याहीचं मी अठ्ठावनलेच पुसलं मनातून. कपायावर ठेवलं ते तुमच्यासाठी. तुमी दर रईवारी येऊन सांगत व्हते का दादा येईल. मी पुसलं असतं तर तुमाले कोन सांभायलं असतं?’

मी विचारलं की मला का सांगितलं नाही. तुमी कधी इचारलंच नही, म्हणाली. तुमी नुसतं सांगत व्हते.

मग विचारलं, आता मी काय करू. म्हणाली, वर्षाच्या वर झालं की सुतक राहत नही. घरी जाऊन डोक्यावरून आंघोय करा, बस.

संध्याकाळी ६. मेहरूण.

घरी आलो. लताला काही बोललो नाही. मोरीत गेलो तर बंब पेटवलेला, बादलीत ऊन पाणी काढून ठेवलेलं, कोरडा पंचा दोरीवर. मी रविवारी संध्याकाळी कधी आंघोळ करत नाही. असोद्याहून वहिनीचा निरोप माझ्याआधी पोचला असणार. म्हणजे तिलाही माहीत होतं. वहिनीने तिला नऊ वर्षांपूर्वीच सांगितलं असणार, आणि मग दोघी थांबल्या, मी कधी विचारतो याची वाट बघत.

दोन तांबे डोक्यावरून घेतले. तिसऱ्याला दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. नाक आठवलं, रुमाल आठवला, पण डोळे काही केल्या आठवेनात.

बाहेर आलो. लताने ताट वाढलं होतं. बसलो, जेवलो.